माझ्या पोटात परकी लाळ

मी एक जुना निळा डबा आहे. मित्रांनो, खरं तर माझा जन्म जत्रेत कुल्फी थंड ठेवण्यासाठी झाला होता. नशिबानं मला लोहाऱ्यात आणलं, मनाच्या आजारांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर श्रावस्तीबाईंच्या खोलीत. पेशंटच्या लाळेची नळी माझ्या पोटात ठेवायची आणि मला एसटीनं हैदराबादच्या प्रयोगशाळेत धाडायचं, असा तिथला रिवाज होता. कुणाच्या अंगाला कोणतं औषध किती मानवेल, याचा अंदाज त्या लाळेवरून येतो. "या डब्यावर माझा भरवसा आहे," असं बाई म्हणायच्या, तेव्हा मी नुसता फुगून जायचो.

एकदा समृद्धी आली. ती शिवणकाम करायची, पण कित्येक महिने ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. औषधं बदलून झाली, गुण येईना. "बाई, मला परत मशीनवर बसायचंय," एवढंच ती म्हणाली. नळीत लाळ देऊन ती पाणी प्यायला बाहेर गेली. बाई शेजारच्या खोलीत होत्या. मागे राहिली तिची आई, नीलम्मा. तिनं नळीतली लाळ बेसिनमध्ये ओतली, नळी धुतली आणि स्वतः तिच्यात थुंकली.

"लेकीची थुंकी परमुलखात धाडू व्हय? कुणी भानामती केली म्हंजी?" ती पुटपुटली. "काय व्हायचं ते मला होऊ दे."

मला झाकण आहे, तोंड नाही. मित्रांनो, माझा फार संताप झाला. नाव समृद्धीचं, लाळ आईची, आणि ते खोटं वाहून न्यायचं मी!

या शरीरात औषध फार लवकर विरतं, असं उत्तर आलं. बाईंनी विश्वासानं मात्रा वाढवली. समृद्धीचे हात थरथरू लागले. सुईत दोरा ओवता येईना. एक दिवस ती मशीनवरच कोसळली आणि तिला जीपमध्ये घालून दवाखान्यात आणलं.

उत्तराप्रमाणे एवढी मात्रा तिला सोसायला हवी होती. बाई चक्रावल्या. "समृद्धी, लाळ तुझीच दिली होतीस ना गं?"

नीलम्मा पुढे झाली. "माझी व्हती, बाई. पोरीच्या मायेपायी केलं."

समृद्धी रडली नाही. आईकडे बघत म्हणाली, "आये, रोज गोळी घेताना म्या तुलाच इचारत व्हते, असं का व्हतंय म्हून. तू म्हनायचीस, घे, बाईंनी तपासून दिलीया."

बाईंनी ते औषध आधी थांबवलं. ती सावरल्यावर नवी नळी दिली. या वेळी समृद्धीनं आईला बाहेर बसायला सांगितलं, दाराला कडी लावली आणि माझं झाकण स्वतःच्या हातानं दाबलं. बाहेरून नीलम्मा "समू, समू" करत राहिली. दार काही उघडलं नाही.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवलं नाही तरी चालेल, पण आजारी माणसाला फसवू नका, मायेपोटीसुद्धा नको. त्याचा स्वतःवरचा भरवसा आधीच उडालेला असतो. तुमच्यावरचा तरी राहू द्या.