कोरी नळी

परिषदेला सोळा दिवस उरले होते आणि डॉ. इंदू मुखेडकरांच्या टेबलावर पाहुण्यांच्या गाड्यांच्या वेळांपासून बॅनरच्या मजकुरापर्यंत सगळं एकावर एक साचलं होतं. लातूरच्या त्या कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. प्रोटीनच्या संशोधनावरची राष्ट्रीय परिषद एकदा तरी आपल्याकडे व्हावी म्हणून त्या चार वर्षं पाठपुरावा करत होत्या, आणि दरवेळी ती पुण्याला नाहीतर हैदराबादला जायची. यंदा लातूरचं नाव निघालं. ते सबिहाच्या कामामुळे निघालं, हे सांगताना इंदूबाईंचा आवाज थोडा चढायचाच.

सबिहा देगलूरची. वडील मकसूदभाई तिथे शिलाई मशीन दुरुस्त करायचे. बीएस्सीला नांदेडला, एमएस्सीला लातूरला, आणि मग इंदूबाईंच्या हाताखाली पीएचडी, असा तिचा प्रवास. तुरीच्या शेंगेत शिरून दाणे पोखरणारी घाटेअळी मराठवाड्यात कुणाला माहीत नाही? पण किनवटच्या जंगलात जी रानतूर उगवते, तिच्या शेंगांना ही अळी फारशी तोंड लावत नाही. असं का, हे सबिहानं शोधायला घेतलं. अळीला दाणा पचतो तो तिच्या आतड्यातल्या एका एन्झाइममुळे, आणि रानतुरीतलं एक प्रोटीन त्या एन्झाइमलाच जखडून टाकतं, असं तिच्या प्रयोगांतून दिसत होतं. एन्झाइमचं शंभरातलं ऐंशी काम बंद पडत होतं. हा आकडा ऐकूनच परिषदेच्या समितीनं तिला मुख्य सत्रात बोलायला बोलावलं होतं. इतर विद्यार्थी पोस्टर लावून उभे राहणार होते. मंचावर ती एकटीच.

त्या दिवशी दुपारी सबिहा केबिनच्या दारात आली ती हातात नळ्यांचा स्टँड घेऊन. नेहमीसारखी आत न येता उभीच राहिली.

"मॅडम, एक दाखवायचं होतं," ती म्हणाली.

स्टँडमध्ये दोन काचेच्या नळ्या होत्या. एकीत पिवळंधमक पाणी, दुसरीत जेमतेम पिवळसर झाक. हा प्रयोग इंदूबाईंनी हजारदा केला असेल. एन्झाइम मोकळं असेल तर नळी पाचदहा मिनिटांत पिवळी होते. कुणी त्याला अडवलं असेल तर पाण्यासारखीच राहते. त्यांनी दुसऱ्या नळीकडे बोट केलं आणि ही रानतुरीची का, असं विचारलं.

सबिहानं मान हलवली. त्या नळीत रानतूर नव्हतीच.

मग तिनं झालं ते सांगितलं. भाषणाची तयारी करताना लोक काय काय विचारतील ते सगळं तिनं वहीत उतरवलं होतं. त्यात एक प्रश्न असा होता, की दाणे न घालता नुसतं द्रावण घेऊन पाहिलंत का? तिनं पाहिलं नव्हतं. तुलनेसाठी लावायची कोरी नळी म्हणून ती कायम साधं पाणी वापरत आली होती. दाणे वाटताना त्यातलं प्रोटीन फुटू नये म्हणून एक रसायन घालतात आणि नंतर पातळ पडद्याच्या पिशवीत भरून, बाहेरचं पाणी दोनदा बदलून ते धुऊन काढतात. सबिहानं गेल्या आठवड्यात तेच सगळं दाण्यांशिवाय केलं. तेच रसायन, तीच पिशवी, तसंच दोनदा धुणं. नळी पिवळीधमक व्हायला हवी होती. झाली नाही. म्हणजे रसायन पुरतं निघत नव्हतं आणि उरलेलं रसायनच एन्झाइमला अडवत होतं. ऐंशीतलं रानतुरीचं किती आणि रसायनाचं किती, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

इंदूबाई जरा तुटकपणेच म्हणाल्या, की बाटली जुनी झाली असेल.

"नवी फोडून बघितली, मॅडम. आठवडाभर तेच करून राहिले. पाच वेळा झालं."

इंदूबाई उठल्या. कित्येक महिन्यांत अंगाला न लागलेला ॲप्रन त्यांनी खुंटीवरून काढला आणि प्रयोगशाळेत जाऊन, सबिहानं धुऊन ठेवलेलं द्रावण घेऊन सगळं स्वतःच्या हातानं मोजून घातलं. सबिहा शेजारी उभी होती. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. नळी तशीच फिक्की. इंदूबाई स्टुलावर बसल्या.

दोनदा धुण्याची ती कृती त्यांची स्वतःची होती. अकरा वर्षांपूर्वी हुलग्यातल्या प्रोटीनवर त्यांनी पेपर लिहिला तेव्हा ती बसवलेली. त्या पेपरनं त्यांना नाव दिलं होतं, आणि त्यातही कोरी नळी साध्या पाण्याचीच होती.

"ही कृती कुणाची आहे, माहीत आहे ना तुला?" त्यांनी विचारलं.

"माहीत आहे," सबिहा म्हणाली. "म्हणून तर पाच वेळा केलं. एकदाच करून तुमच्यासमोर यायची हिंमत नव्हती."

इंदूबाईंनी तिला घरी जायला सांगितलं आणि स्वतः तिथेच बसून राहिल्या. मनात जे आलं ते त्यांनी पुढे कुणापासून लपवलं नाही. अकरा वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, तो याच सोळा दिवसांत कोण विचारणार, असं त्यांच्या मनात आलं होतं. भाषण होऊन जाऊ द्यावं आणि मग सावकाश निस्तरावं, असंही आलं होतं. पण त्या फिक्क्या नळीकडे पाहताना त्यांना दुसरंच काही सुचत गेलं. सबिहाला तो प्रश्न कुणी विचारला नव्हता. तिनं तो स्वतःच स्वतःला विचारला होता, आणि उत्तर आपल्या विरोधात जाईल हे दिसत असताना पाच वेळा तपासलं होतं. त्यांच्याकडून शिकून गेलेल्या विद्यार्थ्यांची संख्या शंभराच्या घरात होती. असं करणारं त्यातलं दुसरं नाव त्यांना आठवेना. स्वतःचंही नाही.

दुसऱ्या दिवशी दोघी प्राचार्यांकडे गेल्या. व्यंकटराव मूळचे भूगोलाचे, माणूस सज्जन, पण परिषदेसाठी त्यांनी जिवाचं रान केलं होतं. कार्यक्रमपत्रिका छापून झाली होती, वर्तमानपत्रात बातमी आली होती, हैदराबादहून अध्यक्ष म्हणून येणाऱ्या डॉ. राजश्री पोतदारांनी तर सबिहाच्या कामाविषयी पत्रात मुद्दाम विचारलं होतं. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, की आत्ता हातात आहे ते मांडावं आणि दुरुस्ती पुढच्या पेपरात करावी. यात खोटं काही नाही, काम चालू असताना आकडे बदलतातच. एवढं बोलून त्यांनी सबिहाकडे पाहिलं.

सबिहा हळू आवाजात बोलली. "सर, माझं ऐकून उद्या कुणीतरी हे प्रोटीन आपल्या तुरीत आणायला बसेल. त्याची पाचसहा वर्षं त्यात जातील. आणि अळी दाणे खातच राहील. भाषण नाही मिळालं तरी चालेल मला. पण चुकीचं आहे हे माहीत असून उभं राहून मी सांगणार न्हाई."

शिकलेली, जपून बोलणारी ही मुलगी एरवी मॅडमसमोर देगलूरचं 'न्हाई' येऊ द्यायची नाही. व्यंकटराव पेपरवेट फिरवू लागले.

इंदूबाई म्हणाल्या, "भाषण ठरल्याप्रमाणे होऊ द्या, सर. आकडा नव्यानं जो येईल तो येईल, तोच ती सांगेल." व्यंकटरावांनी होकार दिला.

आता सगळं पहिल्यापासून करायचं होतं, आणि रानतुरीचे दाणे मूठभरच शिल्लक होते. एका प्रयोगाला पुरले असते. सबिहाला तीन वेगवेगळे करायचे होते. जानेवारी सरत आला होता. रानतुरीची शेंग वाळली की तडकते आणि दाणे मातीत उडून जातात, त्यामुळे आता शेंगा मिळतील याची खात्री नव्हती. तरी ती दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं नांदेडला आणि तिथून किनवटला निघाली. मकसूदभाई दुकान बंद ठेवून नांदेडात तिला येऊन मिळाले.

चौथ्या दिवशी बापलेक लातूरला आले. सबिहा कापडी पिशवी घेऊन तडक प्रयोगशाळेत गेली आणि मकसूदभाई केबिनमध्ये खुर्चीच्या कडेवर टेकले. किनवटात काय झालं ते इंदूबाईंना त्यांच्याकडूनच कळलं. माळावरच्या सगळ्या शेंगा तडकून गेल्या होत्या. तिथल्या आश्रमशाळेत शिकवणाऱ्या मल्लेश गुरुजींनी मग त्यांना एका ओढ्याच्या काठी नेलं. तिथे सावलीत उशिरा आलेले वेल होते. एकेक शेंग करंगळीच्या पेरापेक्षा लहान. दोन दिवस सबिहा ओणवी राहून त्या तोडत होती. काट्यांनी हात ओरबाडले. गुरुजी म्हणाले, की एवढ्यानं भागत नाही का, तर म्हणाली की मोजून घेतलेत किती लागतात ते, अजून कमी आहेत.

सांगून झाल्यावर मकसूदभाई घुटमळले.

"मॅडम, एक विचारू का? पोरीचं काही चुकलं हाय का? चार दिवस झाले, कुणाशी बोलून नाही राहिली. जेवायला बसली की उठते."

इंदूबाईंना हे बाहेरच्या माणसापुढे अजून बोलावं लागलं नव्हतं. त्यांनी क्षणभर टेबलावरचे कागद सारखे केले.

"चुकलं माझं होतं, मकसूदभाई. अकरा वर्षांपूर्वी. तुमच्या मुलीनं ते पकडलं."

मकसूदभाईंना त्यातलं शास्त्र कितपत समजलं, कुणास ठाऊक. पण ते उठले, दारापर्यंत गेले, आणि परत येऊन म्हणाले, की मग तिला तुम्हीच एकदा जेवायला सांगा, तुमचं ऐकते ती. इंदूबाईंनी तेही काम केलं. त्या दिवसापासून इंदूबाई दोघींसाठी घरून डबा आणू लागल्या आणि दुपारी एक वाजता प्रयोगशाळेच्या बाहेर बाकावर बसून तो संपवल्याशिवाय सबिहाला आत जाऊ देईनात.

या वेळी पाणी दोनदा न बदलता सहा वेळा बदललं. त्यात तीन दिवस गेले. सबिहानं आधी कोरी नळी लावली. पाच मिनिटांत ती पिवळी होऊ लागली आणि दहाव्या मिनिटाला हळदीच्या पाण्यासारखी झाली. म्हणजे रसायन पुरतं निघालं होतं. मग रानतुरीची नळी. तीही पिवळी झाली, पण फिक्की, आणि उशिरा. यंत्रावर मोजलं तेव्हा आकडा आला एकतीस. पुढच्या दोन वेळा एकोणतीस आणि तेहतीस.

ऐंशीवरून एकतीस. इंदूबाई तिच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या; आता ही रडेल असं त्यांना वाटलं. सबिहा वहीत तिन्ही आकडे एकाखाली एक लिहीत होती. मग तिनं वर पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी मोकळं हसली. "मॅडम, तीनही जवळजवळ आले," ती म्हणाली. "आता कुणीही करून बघू दे, हेच येणार."

परिषदेच्या दिवशी सभागृह भरलं होतं. सबिहाच्या भाषणाचं पहिलंच चित्र त्या फिक्क्या नळीचं होतं. आधीचा ऐंशीचा आकडा का चुकला, हे तिनं सुरुवातीलाच, काही न झाकता सांगितलं आणि मग एकतीसकडे वळली. कृती कुणाची ते सांग, असं इंदूबाईंनी तिला बजावलं होतं. ती फक्त "आमच्याकडची कृती" एवढंच म्हणाली. तेव्हा प्रश्नोत्तरांच्या वेळी इंदूबाई स्वतः उठल्या. ती कृती आपली आहे, अकरा वर्षांपूर्वीच्या हुलग्याच्या पेपरमधली आहे, आणि तो पेपरही आता नव्यानं तपासायला हवा, असं त्यांनी माइकवर सांगितलं. मागच्या रांगेतून एक प्राध्यापक उठले आणि म्हणाले, की आमच्याकडे सात वर्षं हीच कृती चालू आहे. पाणी नेमकं किती वेळा बदलायचं? मग तसेच आणखी दोघं उठले. ठरलेला अर्धा तास संपला तरी प्रश्न थांबेनात.

अध्यक्षस्थानी बसलेल्या राजश्री पोतदारांनी शेवटी एवढंच म्हटलं, की जंगलातल्या वेलाकडून एकतीस मिळणं कमी नाही, आणि या एकतीसवर त्या स्वतः काम करायला तयार आहेत. चहाच्या वेळी त्यांनी सबिहाला बाजूला घेऊन हैदराबादच्या प्रयोगशाळेत चार महिने यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी परगावचे सातआठ जण सत्र सोडून इंदूबाईंच्या प्रयोगशाळेत कोरी नळी कशी लावायची ते बघत उभे होते. सबिहा त्यांना शिकवत होती आणि व्यंकटराव दारात उभे राहून, आपल्याला यातलं काही कळत नाही हे विसरून, प्रत्येक नळीकडे वाकून पाहत होते.

मार्चमध्ये इंदूबाईंनी हुलगा पुन्हा तपासला. आधीचे ब्याण्णव चौसष्टवर आले. त्यांनी त्या नियतकालिकाला दुरुस्तीचं टिपण लिहिलं आणि त्यावर आपल्या आधी सबिहाचं नाव घातलं. सबिहानं पुष्कळ नको म्हटलं, पण त्यांनी ऐकलं नाही. पाठवण्याआधी त्यांनी तिला ते वाचायला दिलं. तिनं दोनदा वाचलं, तिसऱ्या ओळीतला एक दशांश चिन्हाचा घोटाळा पेन्सिलीनं गोल करून दाखवला. इंदूबाईंनी चष्मा पुसला, चूक दुरुस्त केली आणि टिपण पाठवून दिलं.