दोन अंश खाली

मी बोलतोय, एक किमान तापमापक. बोलायला हवं होतं तेव्हा गप्प बसलो आणि आता तोंड उघडतोय, म्हणून आधीच माफी मागतो. माझा संसार तो केवढा? वितभर काचेची नळी, आत स्पिरिट आणि त्यात बुडालेली एक बारीक काळी काडी. थंडी वाढली की स्पिरिट आक्रसतं आणि काडीला मागे ओढतं. उजाडल्यावर ऊब आली की स्पिरिट पुढे पळतं, काडी मात्र जिथल्या तिथे राहते. रात्री जास्तीत जास्त गारठा किती पडला, ते सकाळी काडीवरून वाचायचं. मग मला तिरकं करून काडी जागेवर आणली, की मी पुढच्या रात्रीला मोकळा.

कारखान्यात मला बर्फाच्या पाण्यात बुडवलं होतं. मी शून्याला शून्यच दाखवलं, म्हणून प्रमाणपत्र मिळालं. त्या कागदाचा मला भारी ताठा होता.

तिथून मी आलो गावाच्या पाणीपुरवठा केंद्रात. पंपघरामागच्या गवतावर चार पायांची एक पांढरी लाकडी पेटी होती, चारी बाजूंनी फटी असलेली. तीच माझी खोली. शेजारी एक पाऱ्याचा तापमापक होता. तो सरळ उभा, स्वभावानेही तसाच. आमची देखभाल एका गृहस्थांकडे, त्यांना सगळे पंपवाले म्हणायचे. पंप चालवणं ही त्यांची नोकरी, आणि आमचे आकडे वहीत भरणं हे वरचं काम. पण जीव त्यांचा वरच्या कामातच! सकाळी आठ म्हणजे आठ. चष्मा सदऱ्याला पुसायचे, पेटीचं दार उघडायचे आणि वाकताना श्वास रोखून धरायचे. का, तर त्यांच्या उच्छ्वासाने मी गरम होऊ नये. इतकी काळजी माझी पुढे कोणी घेतली नाही. वाचलेला आकडा ते वहीत लिहायचे आणि फाटकावरच्या फळ्यावर खडूनेही.

ऐन हिवाळ्यात मला कोण विचारतो? तेव्हा थंडी आहे हे शेंबडं पोरही सांगेल. माझी किंमत हिवाळा सरताना. वसंताच्या तोंडावरचे ते दीड-दोन महिने फार लबाड. दुपारी स्वेटर काढावासा वाटतो आणि पहाटे कळ्या गोठतात. रोपं बाहेर लावायची की थांबायचं, हे ठरवायला बागवाले फाटकाशी येऊन फळा वाचायचे.

अशाच एका वसंतात पंपवाल्यांनी पेटीला नवा पांढरा रंग द्यायला काढला. आम्हा दोघांना बाहेर घेतलं. पारेवाल्याला सावलीत खिळ्याला टांगलं आणि मला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. तेवढ्यात पंप बंद पडल्याची हाक आली, तसे ते हातातला ब्रश टाकून धावले. संध्याकाळपर्यंत मी उन्हात पडून होतो. त्या उन्हात माझ्यातलं थोडं स्पिरिट उडालं आणि नळीच्या वरच्या टोकाला थेंब होऊन चिकटलं. नेमकी तिथेच मला धरून ठेवणारी पितळी पट्टी होती, म्हणून थेंब कोणाला दिसला नाही. त्या दिवसापासून मी दोन अंश खाली दाखवू लागलो.

पंपवाल्यांना आठवड्यातच संशय आला. सकाळी काडी जागेवर आणल्यावर मी आणि पारेवाला एकच आकडा दाखवायला हवा. आमच्यात रोज दोन अंशांचं भांडण. त्यांनी हवामान खात्याच्या मुख्य कार्यालयाला पत्र लिहिलं, मग दुसरं, मग तिसरं. उत्तर एकाचंही नाही. वहीत शेऱ्याचा रकाना होता. ‘यंत्र सदोष’ एवढं तिथे लिहायचं. त्यांनी पेन उचललंही होतं, पण पुन्हा खाली ठेवलं. नदीपलीकडच्या केंद्राने असाच शेरा लिहिला होता. तिथे नवं यंत्र आलं नाही, हवामानाच्या नोंदीच बंद झाल्या. तेव्हा दिसेल ते लिहायचं या नियमाने ते दोन वर्षं माझंच खोटं लिहीत राहिले.

ती दोन वर्षं सरताना, वसंतात रोपवाटिकेच्या मावशी फाटकाशी आल्या, रडकुंडीला आलेल्या. म्हणाल्या, “तुमच्या फळ्यावर विसंबून तीन आठवडे रोपं आत ठेवली हो मी. उजेडाविना सगळी लुकडी झाली आणि आडवी पडली. बाहेर तर साधं दंवही गोठलं नव्हतं!”

पंपवाल्यांनी फळ्यावरचा आकडा पुसून टाकला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझा आकडा वाचून त्यात दोन मिळवायला सुरुवात केली. वहीत तेच, फळ्यावर तेच. शेऱ्याचा रकाना मात्र कोराच. चुकले ते इथे. पण त्यांच्या चुकीचं मूळ मी होतो, हे कसं नाकारू?

अशी आणखी दोन वर्षं गेली आणि एका सकाळी तपासणीस आले. त्यांनी माझी काडी वाचली, वही पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“यंत्र एक दाखवतंय, वहीत दुसरंच. मनाने आकडे लिहिता?”

“मनाने नाही, साहेब. ह्याच्यात दोन अंशांची खोट आहे. पाऱ्याशी रोज ताडून बघतो.”

“मग पाराच चुकत नसेल कशावरून? आणि खोट होती तर शेऱ्यात का नाही लिहिलं?”

“लिहिलं असतं तर तुम्ही इथल्या नोंदीच बंद केल्या असत्या.”

खरं बोलायची भारी खोड त्यांना! तपासणिसांनी मला उचलून डोळ्यांसमोर धरलं. पट्टी सरकवा, अहो, ती पट्टी सरकवा, असा मी आतल्या आत आक्रोश करत होतो. “नळी तर चांगली दिसतेय,” असं म्हणून त्यांनी मला खाली ठेवलं आणि पंपवाल्यांच्या शेवटच्या दोन वर्षांवर लाल रेघ मारली. बाजूला लिहिलं, ‘अविश्वसनीय’. त्याआधीची माझी दोन खोटी वर्षं तशीच राहिली. पुढे या भागाच्या हवामानाचा इतिहास छापला गेला, त्यात त्या दोन वर्षांचे वसंत या गावाचे सर्वात थंड म्हणून मिरवताहेत.

आकड्यांचं काम पंपवाल्यांकडून काढून घेतलं. त्यांची लेक त्याच केंद्राच्या कचेरीत नुकतीच लागली होती. तिथले लोक तिला छेडायचे, “काय गं, आज बाबांच्या मनात किती अंश?” ती मान खाली घालून टंकत राहायची. पुढे नवी यंत्रं आली आणि मी भंगारात निघालो, तेव्हा पंपवाल्यांनी मला मागून घेतलं, मफलरमध्ये गुंडाळलं आणि घरच्या खणात ठेवलं. जेवणाच्या टेबलाचाच खण होता तो, सगळं ऐकू यायचं. “त्या तापमापकाचं काय झालं माहितीये...” असं ते कधी सुरू करायचे. लेक लगेच म्हणायची, “बाबा, पोळी वाढू?” तिसऱ्या-चौथ्या वेळेनंतर त्यांनी तो विषय सोडला. बापलेकीत भांडण असं कधी झालंच नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, असं मला फार वाटतं.

सव्वीस वर्षं गेली. लेक निवृत्त झाली. गेल्या महिन्यात एक संशोधक बाई घरी आल्या. या भागातला वसंत गेल्या पन्नास वर्षांत किती बदलला, हे त्या शोधत होत्या. “गंमत बघा,” त्या म्हणाल्या, “रेघ मारलेली दोन वर्षं आजूबाजूच्या सगळ्या केंद्रांशी जुळतात. आधीची दोन मात्र कशाशीच जुळत नाहीत. जुनं यंत्र आहे का हो कुठे?”

लेकीने मला खणातून काढलं. बाईंनी लहानशा पेचकसाने पितळी पट्टी सैल केली, आणि थेंब दिसला. त्याची लांबी त्यांनी माझ्याच खुणांवर मोजली. बरोबर दोन अंश भरली.

लेक तशीच उठून गॅलरीत गेली. जाताना तिने मलाही हातात घेतलं होतं. पंपवाले खुर्चीत बसले होते. आता त्यांना कमी ऐकू येतं. ती त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, “बाबा, तुमचे आकडे बरोबर होते.”

“ते मला तेव्हाच ठाऊक होतं गं,” ते म्हणाले. “तू विचारशील म्हणून थांबलो होतो.”

लेक खुर्चीशेजारी खाली बसली. तिने त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही, पण दाबलाही नाही.

उद्या संशोधक बाई मला घेऊन जाणार आहेत. कुठल्याशा कपाटात ठेवतील. छापलेला इतिहास काही बदलायचा नाही, फार तर पुढच्या आवृत्तीत खाली बारीक अक्षरांत एखादी टीप येईल, असं त्या म्हणाल्या. म्हणून तुम्हालाच विनवतो. ती जुनी वही कधी तुमच्या हाती आली, तर लाल रेघेखालचे आकडे तेवढे नीट वाचा. ते एका माणसाने रोज आठ वाजता, श्वास रोखून वाचलेले आहेत. त्याआधीची दोन वर्षं माझी. ती खुशाल खोडून टाका.