बुटाच्या नाकावर आरसा

मावशीनं पॉलिश केलेल्या बुटात बघून खुशाल भांग पाडावा, अशी तिची ख्याती. अग्निशमन ठाण्यासमोर तिचं दुकान. अख्ख्या ठाण्याचे बूट तिच्या हाताखालून जायचे. पण त्याच ठाण्यात नव्यानं लागलेल्या भाचीनं निक्षून सांगितलं होतं, परेडचे बूट मी करणार, तू बोटसुद्धा लावायचं नाहीस. साहेब बूट बघूनच रांगा लावायचे. भाचीला पुढची रांग हवी होती, आणि ती मावशीच्या जिवावर मिळाली असं कुणी म्हणायला नको होतं.

मावशीनं शब्द दिला. देताना हातातला ब्रश मात्र सोडला नाही, ते वेगळं.

आठवडाभर पोरगी बोटाला जुन्या बनियनची चिंधी गुंडाळून बसायची. चिमूटभर पॉलिश, पाण्याचा थेंब, आणि गोल गोल फिरवत थरावर थर. मावशी भाजी निवडायच्या निमित्तानं शेजारी बसून नुसत्या डोळ्यांनी घासायची.

परेडच्या सकाळी बूट असे झळकले की मावशीची छाती फुगली. आणि लगेच धस्स झालं. पोरीनं हौसेहौसेनं नाकावरचा आरसा थेट मधल्या घडीपर्यंत चढवला होता. बूट वाकतो तिथे जाड थर टिकत नाही, चालताच तडकतो. मैदानावर शोभा झाली असती.

सांगावं तर शब्द मोडला म्हणणार. गप्प बसावं तर जीव जाणार. पण टोपीला हात लावायचा नाही असं कुठे ठरलं होतं? मावशीनं गणवेशाची टोपी उचलली आणि कपाटावर पार मागे सरकवून दिली.

बूट चढवून भाची टोपी शोधायला लागली. स्टूल मागितलं, तर त्याचा पाय मोडलाय, असं मावशीनं त्याच स्टुलावर बसून सांगितलं. पोरगी चवड्यांवर उभी राहून ताणली. खालून तडतड आवाज आला. घडीवर ही एवढी भेगांची जाळी.

तिनं बूट पाहिले, मग मावशीला पाहिलं.

"टोपी तिथे कशी गेली गं?"

"ते टोपीला विचार. मैदानात तडकलं असतं तर कुणाला विचारलं असतंस?"

भाची जरा फणफणली. मग बसली, कोमट ओल्या फडक्यानं घडीवरचा थर काढला, तिथे नुसता ब्रश मारला आणि चकाकीची कड बोटानं अशी विरवत नेली की आरसा कुठे संपला ते कळेना. मावशी हात मांडीखाली दाबून बघत राहिली. तिच्या स्वतःच्या कामात तिथे कायम एक रेघ दिसायची.

मैदानावर साहेबांनी भाचीला चालवलं, उकिडवं बसवलं, उठवलं, वाकून पुन्हा बूट पाहिले. मग बोटानं पुढची रांग दाखवली.

मैदानाच्या कडेला बघायला आलेल्या मावशीशेजारी बंबाचा ड्रायव्हर उभा होता. तो कौतुकानं म्हणाला, "मावशी, तुमचा हात लपत नाही हो."

"माझा नाही. मला अशी कड जमत नाही," मावशी म्हणाली, आणि इतक्या ठणठणीत आवाजात म्हणाली की साहेबांनीही वळून पाहिलं.