एका अबोल्याची इमारत

मित्रांनो, मी एक जुनी शाळेची इमारत आहे. या शहराचा इतिहास माझ्या खांद्यांवर उभा आहे. कबुतरंही तिथेच बसतात आणि खरं सांगायचं तर त्यांचाच भार जास्त जाणवतो.

माझ्या दगडी भिंती आणि उंच कमानी पाहून लोक विचारतात, "कुणी हो बांधलं?" सांगायला जरा संकोच वाटतो. दोन सख्ख्या गवंडी भावांनी. थोरल्याने उजवा भाग बांधला, धाकट्याने डावा, आणि त्या सगळ्या काळात दोघांत अबोला होता. भांडण कशावरून झालं ते दोघेही विसरले होते, पण अबोला इमानाने पाळत होते. निरोप पोचवायची त्यांची आई.

"आई, दादाला सांग, पातळी जुळव."

"त्याला म्हणावं, तू आधी डोकं जुळव."

शेवटी माउलीने हात टेकले. दोन्ही भाग मधोमध भेटले तेव्हा उजवा वीतभर वर होता. तिथे एक पायरी घालून वेळ मारून नेली. भिंतींनी मात्र एकमेकींना हात लावला नाही. मध्ये बोटभर फट राहिली ती राहिलीच.

त्या पायरीवर प्रत्येक नवे गुरुजी पहिल्या दिवशी अडखळत आणि पोरं एका सुरात म्हणत, "या, या!" फार सुखाचे दिवस होते ते.

मग मी म्हातारी झाले. रंग उडाला, कौलं सरकली. एके दिवशी तपासणीला इंजिनिअर आला. मला ठेवायचं की पाडायचं, हे त्याच्या शब्दावर होतं. फट पाहून त्याने मान हलवली. "वरपासून खालपर्यंत भेग! पाडावीच लागेल."

मुख्याध्यापिका बाई माझ्याच विद्यार्थिनी. त्या म्हणाल्या, "अहो साहेब, ती भेग नव्हे, भांडण आहे!" आणि त्यांनी सगळी कथा ऐकवली.

साहेबांनी पुन्हा मोजमाप घेतलं आणि हसायलाच लागले. "डावीकडची जमीन खचलीय. भिंती जोडलेल्या असत्या, तर एकीने दुसरीला केव्हाच फाडलं असतं. आम्ही हल्ली मुद्दाम अशी फट ठेवतो. भांडले म्हणून टिकली बघा!"

"हळू बोला," बाई म्हणाल्या, "वर्गात मुलं ऐकतायत."

मी वाचले. नवी कौलं आली, रंग लागला, वर्ग पुन्हा गजबजले.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वास्तूला पाडण्याआधी तिची हकिकत विचारा. तिची निगा राखा. आणि हो, चघळून झालेलं च्युइंगम माझ्या भिंतीला लावू नका. गुदगुल्या होतात, आणि इमारत हललेली कुणालाच आवडत नाही.