पान उलटून पाहिलंत का?

"या मुंग्यांनी माझा जीव खाल्लाय!" अरुणाबाई सकाळी सकाळीच करवादल्या. हळद टाकून झाली, रॉकेलचं फडकं फिरवून झालं, खडूच्या रेघा ओढून झाल्या. तरी गॅलरीतली मुंग्यांची रांग काही हटत नव्हती.

"अगं, सुरतच्या मुंग्या. गोडाला चटावलेल्या!" वसंतराव पेपरामागून हसले.

वसंतराव सरकारी तपासनीस. रोपवाटिकांत जाऊन कीडरोग तपासायचा आणि सगळं ठीक असलं तरच दाखला द्यायचा, हे त्यांचं काम. माणूस सरळ हो! लाचेच्या पैशाला उभ्या जन्मात शिवला नाही. पण उन्हातान्हात स्कूटर हाणायचा भारी कंटाळा. म्हणून मालकच चार रोपं नमुना म्हणून कचेरीत आणायचे, साहेब ती टेबलावर भिंगाखाली बघायचे आणि चार हजार रोपांच्या दाखल्यावर सही ठोकायचे. जाताना मालक एखादी कुंडी 'बेनसाठी', म्हणजे अरुणाबाईंसाठी, ठेवून जायचा. तेवढं चालतंच की! कुठल्या घरात, कुठल्या कचेरीत चालत नाही, सांगा बरं?

इतक्यात धुरपदाबाई आली. मूळची खानदेशातली, राहायला कोसाडला, नवरा यंत्रमागावर आणि ही चार घरची धुणीभांडी करणारी. मुंग्या बघून ती थेट गॅलरीत गेली, पेरूच्या कुंडीशी वाकली आणि एक पान उलटं केलं.

"साहेब, मुंग्यास्ले काय मारतस? आठे दखा!"

पानामागे कापसासारखा पांढरा थर होता. पिठ्या ढेकूण! त्यांच्या अंगच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या येरझाऱ्या घालत होत्या. वसंतरावांचा चहा हातातच राहिला. ही कुंडी कामरेजच्या भाईदासशेठने आठवड्यापूर्वी नमुन्यासोबत दिलेली. आणि त्याच भाईदासच्या दाखल्यावर त्यांनी कालच सही केली होती.

"एखादं रोप असेल तसं," ते पुटपुटले. "भाईदासने आणलेला नमुना मी बघितलाय. शितावरून भाताची परीक्षा होते."

"शीत त्याच हंडीतलं पाहिजे ना साहेब? इथं तर शीत भाईदासशेठच निवडी देतस!"

धुरपदाबाई कुंडीपासून उठली. "मना भाऊ उखा शे ना अमळनेरले, त्यानं दोनशे रोपं तिथंच सांगितलीत. मीच सांगितलं त्याला, आमच्या साहेबाची सही राहते, डोळे मिटून घे. आज बाराला ट्रक निघणार. ही कीड त्याच्या बांधावर गेली तर शेजारच्या सीताफळांचं काय? सुरतच्या प्लेगच्या साली आम्ही पळून गावी गेलो, तर गाववाल्यांनी वेशीवर अडवलं. तपासल्याशिवाय पाय ठेवू दिला नाही. लई राग आला होता तेव्हा. पण गाव वाचवायला हवंच होतं ना? माणसाला तपासलं, आणि झाडाला नको?"

वसंतरावांना बसवेना. शर्टाच्या गुंड्या वरखाली लागल्या, किल्ली सापडेना. स्कूटर तापीच्या पुलावर आली तरी मन थाऱ्यावर नव्हतं. आपलाच दाखला आपण खोटा ठरवायचा? बढती दोन महिन्यांवर आलेली. मागे फिरलो तर कुणाला कळणार आहे? पण धुरपदाबाईचं ते 'डोळे मिटून घे' कानातून जाईना. पुढच्या पेट्रोल पंपावर स्कूटर थांबली, पाच मिनिटं तिथेच उभी राहिली आणि मग पुन्हा कामरेजच्याच रस्त्याला लागली.

ट्रक अर्धा भरला होता.

"अरे आवो साहेब, चा पीओ!" भाईदास हात जोडून पुढे आला.

वसंतराव सरळ वाफ्यांत शिरले. पुढच्या रांगेतली पानं उलटली. स्वच्छ! दुसरी रांगही स्वच्छ. हायसं वाटून ते वळणार, तोच मागच्या सावलीच्या जाळीखाली मुंग्यांची एक रांग दिसली. पान उलटलं, शेजारचं उलटलं, मग तसंच पुढे. सगळीकडे तोच पांढरा थर. ट्रकवरच्या रोपांनाही तेच!

"शेठ, ट्रक उतरवा."

"पण साहेब, सही तो तमारीज छे ने!" भाईदासने दाखला नाचवला.

वसंतरावांनी तो कागद त्याच्या हातातून घेतला.

"हो, सही माझीच आहे. म्हणून तर आलोय!" आणि त्याच कागदावर आडवं लिहिलं: 'रोपवाटिका न पाहता दिला होता. रद्द.' खाली परत सही केली.

पुढे खात्याची नोटीस आली, बढती हुकली. भाईदासला रोगट रोपं जाळावी लागली. उखाची लागवड त्या हंगामात राहिलीच. ट्रक अडवल्याचं धुरपदाबाईने त्याच संध्याकाळी ऐकलं, तेव्हा ती भांडी घासायची थांबली होती.

"उखाला मी समजाई सांगसू," ती म्हणाली. "पण साहेब, आधी तुमच्या कुंडीतलं रोप जाळा."

वसंतरावांनी ते रोप स्वतः खाली नेऊन जाळलं. चौथ्या दिवशी गॅलरीत एक मुंगी उरली नाही.

बंधुभगिनींनो, सही म्हणजे नुसती शाई नव्हे. कुणीतरी दूर अमळनेरला डोळे मिटून बसलेला असतो, कारण आपण उघडे ठेवले असतील असा त्याचा भरवसा असतो. लाच घेतली नाही म्हणून कुणी प्रामाणिक ठरत नाही. पान उलटून पाहिलंत का, एवढंच स्वतःला विचारा आणि मगच पेन उचला!