बाबाजींना वाईट चांदणी लागत नाही

त्या रविवारी भाईंदर पूर्वेच्या आमच्या सोसायटीच्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नव्हती. काशीगावच्या बाबाजींचा सेवेकरी बबन कॉम्प्युटरपुढे बसला होता. इंटरनेटवरच्या व्हिडिओत बाबाजी पाण्याच्या ग्लासावरून हात फिरवत होते आणि माझी आई, आनंदी, ते पाणी पिऊन हसत सांगत होती, "माझी साखर गेली. गोळ्या बंद केल्या."

"आता खरा चमत्कार बघा," बबन म्हणाला. "पाचपैकी एकच चांदणी द्या, वाईट लिहा, काय पण करा. बाबाजींच्या तेजापुढे टिकतच नाय. आपोआप पुसलं जातं. सूरजभाऊ, काल तुम्हीच टेस्ट केली ना?"

तळमजल्यावरच्या सूरजने एक चांदणी देऊन 'बकवास' असं लिहिलं होतं. आता व्हिडिओखाली नुसता जयजयकार होता. "सच में गायब झालं यार," तो म्हणाला. बायकांनी हात जोडले.

वैताग म्हणजे आई तिथेच, खुर्चीवर बसली होती. "ते दोन महिन्यांपूर्वीचं," ती म्हणाली. "साखर परत चढली. चक्कर येऊन पडले. गोळ्या चालू केल्यात मी."

"मावशी, तुमची श्रद्धा कमी पडली. इथे तर तुम्हीच बोलताय." बबनने व्हिडिओ पुन्हा लावला आणि सगळे पडद्यावरच्या आईकडे बघू लागले. समोरच्या जिवंत बाईचं कोणी ऐकेना. ती स्वतःच्याच शब्दांत अडकली होती.

त्यात शेजारचे दत्तारामकाका. पायाची जखम चिघळलेली आणि इन्शुलिन बंद. "वहिनी, तुम्हाला बघूनच सोडलं मी," ते म्हणाले. आई रडकुंडीला आली आणि माझं डोकं फिरलं.

मी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. आज तयारीनिशी आले होते. बबनला उठवून मी त्याच साइटवरचा माझा व्हिडिओ लावला. त्यात मी डोक्यावर दुधी ठेवून गंभीरपणे सांगत होते, "याने साखर उतरते." लोक हसले.

"सूरज, दे एक चांदणी. लिही, फेकाफेकी."

त्याने दिली, लिहिलं, सगळ्यांना दिसलं. मग मी माझ्या खात्यात शिरले, चांदण्या बंद केल्या, त्याचा शेरा पुसला. "बघा, माझ्या दुधीलाही तेज आलं," मी म्हणाले. "ज्याचा व्हिडिओ, त्याला ही सोय असते. बबन, तू हेच करतोस ना?"

"क्षितिजाताई, सेवेत अशी शंका..." म्हणत बबन चपला शोधू लागला.

दत्तारामकाकांनी प्रथमच आईच्या तोंडाकडे पाहिलं. "वहिनी, आज सकाळी गोळी घेतलीत?"

"घेतली."

"मग माझ्यासाठी रिक्षा बोलवा."

डॉक्टरांना एक बोट कापावं लागलं. पाय वाचला.

आईचा तो व्हिडिओ मात्र अजून तिथेच आहे. तो काढणं बबनच्या हातात, आणि तो कशाला काढेल? अजूनही आई तिथे रोज बरी होते. म्हणून तिने दुसरा केला. "मी गोळ्या घेते, तुम्हीही घ्या," एवढंच ती त्यात म्हणते. भक्तांनी त्याखाली शिव्यांचा पाऊस पाडला, एकेका चांदणीची रांग लावली. मला बघवेना. मी ते सगळं बंद करायला गेले.

"राहू दे," आई म्हणाली. "ज्याला खोटं वाटतं त्याला म्हणू दे. त्याने काय माझी साखर वाढत नाही."

तुम्हालाही कुठे नुसतं कौतुकच दिसलं, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: ज्यांना गुण आला नाही, ती माणसं कुठे गेली?