अर्धा नंबर

मी ओळी तोडणारा बोलतोय. तुमच्या मोबाइलमधल्या ब्राउझरच्या पोटात मी राहतो. पानावरचा मजकूर माझ्याकडे येतो, सोबत रुंदी येते. मी एकेक शब्द मापतो, मावेल तितका ओळीत बसवतो आणि उरलेला खाली ढकलतो.

जन्मतःच मला नियम शिकवले. जोडाक्षर फोडायचं नाही, वेलांटी अक्षरापासून सोडवायची नाही, तोडायचं ते मोकळ्या जागेवर. या कामात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि त्याचा मला तोरा होता. अर्थ मात्र मला कधीच कळला नाही. मी वाचत नाही, नुसता मापतो. त्याची आता लाज वाटते.

एका मुलीने दवाखान्याचं पान बनवलं. रुग्णवाहिकेचा नंबर तिने वरच, लाल चौकटीत ठेवला. वाचायला सोपं जावं म्हणून आकड्यांच्या मध्ये जागा सोडली. तिच्या मोठ्या पडद्यावर सगळं एका ओळीत ऐटीत बसलं. "बाबा, कधी काही लागलं तर इथेच बघायचं हं," म्हणत तिने ते पान वडिलांच्या मोबाइलवर काढून दिलं.

वडिलांची नजर अधू, म्हणून अक्षरं टपोरी करून ठेवलेली. टपोरी अक्षरं म्हणजे मला जागा कमी. एका दुपारी आई स्वयंपाकघरात कोसळली, तोंड वाकडं झालं. वडिलांनी घाईघाईने पान उघडलं. मी नियमाप्रमाणे मोकळी जागा गाठली आणि नंबर तोडला. मागचे आकडे खालच्या ओळीत गेले. चौकटीची उंची मुलीने एका ओळीपुरतीच बांधली होती, त्यामुळे ते झाकले गेले.

वडील मोबाइलमध्ये बघून घरातल्या जुन्या फोनवर आकडे दाबत राहिले. "लागत का नाही हा? अगं, जरा धीर धर." पुन्हा तेच आकडे, पुन्हा तेच. शेवटी शेजारीण धावून आली आणि तिने आपल्या गाडीतून आईला नेलं. आई वाचली, पण उशीर झाला होता. उजवा हात गेला.

"मीच वेंधळा," वडील मुलीला म्हणाले. "अर्धाच नंबर लावत बसलो. घाबरलो की माझं डोकं चालत नाही. मला माफ कर बाळा."

तिने मोबाइल हातात घेऊन पाहिलं. तिचा चेहरा खर्रकन उतरला. तिने मोबाइल पालथा ठेवला.

त्याच संध्याकाळी तिने आकड्यांच्या मध्ये न तुटणारी जागा घातली आणि चौकट सैल केली. ही जागा दिसते मोकळीच, पण तिथे तोडायची मला मनाई असते. आता अख्खा नंबर एकत्र खाली उतरतो. काम चुटकीसरशी झालं, याचीच मला जास्त शरम वाटते.

हल्ली ती आईवडिलांच्या घरूनच काम करते. पलीकडच्या खोलीत वडील आईला चमच्याने भरवतात आणि रोज म्हणतात, "माझ्यामुळे झालं गं हे." मुलीची बोटं थांबतात. मग पुन्हा चालू लागतात.

पोरी, मला तोंड नाही. तुला आहे. ऊठ, त्यांना सांग.